पोत्यावरची बारीक अक्षरं

हरतालिकेच्या दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमारास माझ्या मदतनीस मुलीने आतून विचारलं, "ताई, नारळाच्या पावडरीत दूध असतं का हो?"

मी साचे पुसत होते. वर न बघताच "नाही गं" म्हटलं.

"मग पोत्यावर कसं काय लिहिलंय?"

पुण्यात आठ वर्षं मी घरामागच्या खोलीत चॉकलेट बनवते. इडुक्कीचा कोको आणते, भाजते, टरफलं पाखडते आणि ग्राइंडरात घालते. इडलीचं पीठ वाटायच्या दगडी ग्राइंडरचाच हा भाऊ, फक्त तो दीड-दोन दिवस न थांबता फिरतो. माझं सगळं काम बिनदुधाचं. गिऱ्हाइकं दोन तऱ्हांची: प्राण्यांच्या दुधाबद्दल ज्यांची ठाम भूमिका आहे ती, आणि दूध ज्यांना सोसतच नाही ती. डब्यावर मी 'व्हीगन' लिहिते, तेव्हा दोघांनाही एकच शब्द देत असते.

बिनदुधाचं काळं चॉकलेट सोपं असतं. कोको, साखर, कोको बटर, संपलं. अवघड असतं ते तपकिरी, मुलांना हवं असतं तसं मऊ, दुधाळ. त्यात नारळाचं ताजं दूध घालता येत नाही, कारण चॉकलेटला पाण्याचं वावडं. चमचाभर पाणी पडलं तरी अख्खं भांडं आवळतं आणि त्याचा खरबरीत गोळा होतो. म्हणून कोरडी पावडर लागते. ती मी पेठेतल्या एका घाऊक दुकानातून दोन-दोन किलोच्या पारदर्शक पिशव्यांत घेत होते. वर दुकानाची चिठ्ठी, 'कोकोनट मिल्क पावडर', बाकी काही नाही. गणपतीमुळे या वेळी मागणी मोठी होती, म्हणून त्यांनी पिशव्या न भरता मूळ वीस किलोचं पोतंच पाठवलं.

पोत्याच्या कडेला बारीक अक्षरांत लिहिलं होतं: नारळाचं दूध, माल्टोडेक्स्ट्रिन, सोडियम केसिनेट. खाली ठळक अक्षरांत, दूध आहे.

केसिन हे दुधातलं मुख्य प्रथिन. दूध फाडून ते वेगळं काढतात आणि सोड्याच्या अल्कलीत विरघळवलं की सोडियम केसिनेट होतं. नारळाच्या दुधातला स्निग्धांश पावडर करताना सुटू नये, म्हणून ते घालतात. हे मला माहीत होतं! चहा-कॉफीच्या 'नॉन-डेअरी' भुकटीतही ते असतं, हे मी स्वतः कार्यशाळांत शिकवते. फक्त माझ्याच मांडणीवरच्या पिशवीला मी कधी विचारलं नाही, 'तू कुठून आलीस?' मागच्या पिशव्या याच मालाच्या होत्या, हे दुकानदाराने फोनवर सहज सांगितलं. "एवढ्या वर्षांत कुणाची तक्रार नाही, मॅडम." सुट्या मालावर घटक न लिहिता तो विकणं हा यांना गुन्हा वाटतच नाही. दुधाची नोंद वेष्टनावर करणं कायद्याने सक्तीचं आहे. २०२२ पासून व्हीगन पदार्थांसाठी वेगळे नियम आहेत, हिरव्या चौकटीत व्ही आणि वर छोटं पान अशी खूणही आहे. पण पोतं उघडून पिशव्या भरल्या की ती बारीक अक्षरं पोत्याबरोबर रद्दीत जातात.

आणि दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी होती. एका घरासाठी ५१ चॉकलेट मोदक ठरले होते. त्या घरातल्या सहा वर्षांच्या मुलाला दुधाची ॲलर्जी. लोकांना यातला फरक कळत नाही, म्हणून सांगते. दुधातली साखर न पचणं वेगळं, त्यात पोट बिघडतं. ॲलर्जी प्रथिनांची असते. पेढ्याच्या एवढ्याशा तुकड्याने या मुलाचे ओठ सुजले होते, श्वास अडकला होता, रात्र रुग्णालयात गेली होती. तरी नातेवाईक आईला विचारतातच, "थोडंसं तूप चालेल ना? प्रसादच आहे."

आरतीनंतर सगळ्यांच्या तळहातावर काहीतरी पडतं आणि आपल्या मुलाचा हात आपणच मागे ओढतो, हे तिने मला अगदी शांतपणे सांगितलं होतं. मुलाने मागितलं होतं ते तपकिरी चॉकलेट. "सगळ्यांचं असतं तसं."

ते तपकिरी चॉकलेट ग्राइंडरात तयार होतं. सात किलो.

त्याहून वाईट आठवण मग झाली. आठ दिवसांपूर्वी तो आईबरोबर आला होता आणि मी त्याला चवीला एक वडी दिली होती. कोणती? मी नोंदवही काढली. पानं उलटताना बोटं चालेनात. त्या दिवसाच्या पानावर होतं: 'काळं, जूनचा ठोकळा.' ती पावडर मी जुलैपासून घ्यायला लागले होते. म्हणजे मूल सुखरूप होतं, पण माझ्या काळजीमुळे नव्हे. हाताशी तो ठोकळा होता एवढंच.

मी त्या मुलाच्या आईला फोन केला. सगळं सांगितलं, पावडरीसकट. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आता?"

"काळं करून देऊ शकते. जूनचे तीन किलो ठोकळे शिल्लक आहेत. पण तुम्ही नको म्हणालात तर मला समजेल."

"करा. मी येते. समोर बसते."

ग्राइंडर वापरायचा प्रश्नच नव्हता. त्याचे दगड सच्छिद्र, पाण्याने सहसा धूत नाहीत, कोको बटर फिरवून साफ करतात. चवीपुरतं ते चालतं, या मुलासाठी नाही. साचे दिवाळीसाठी आणलेले, न फोडलेले निघाले. मुलीला बोहरी आळीत पिटाळलं: दोन स्टीलची भांडी, उलथणं, नवीन सुरी. पूजेच्या खरेदीची गर्दी, ती उपाशीपोटी दीड तासाने परत आली. ती माझ्याकडे आली तेव्हा हिला काय जमणार, असं मला वाटलं होतं. पोतं वाचलं ते तिने.

आई एक वाजता आली. तिचाही उपास. खुर्ची ओढून बसली आणि पहिलाच प्रश्न: "ताई, हात पुसायचं फडकं तेच आहे का?"

तेच होतं. माझा एप्रनही तोच होता. भांडी, साचे, टेबल सगळं डोक्यात होतं, फडकं नव्हतं.

नंतरचं काम मात्र मी आयुष्यात केलं नाही इतकं नीट केलं. सुकं खोबरं किसून कोरडंच भाजलं, तूप नाही. खसखस, वेलची, जायफळ. गूळ एरवीपेक्षा जास्त आटवला, कारण सारणात ओल राहिली तर चॉकलेटवर साखर फुलून पांढरे डाग पडतात. भाद्रपदातली हवा तशीही पाण्याने भरलेली, एसी वीसवर आणि आर्द्रता ओढणारं यंत्र दिवसभर चालू. चॉकलेट ४५ अंशांपर्यंत वितळवलं, हलवत २८ वर उतरवलं, पुन्हा ३१ वर आणलं. कोको बटर सहा प्रकारे गोठतं. त्यातला पाचवा प्रकार साधला, तरच मोदकाला चकाकी येते आणि तोडताना कट्कन आवाज होतो. खोबऱ्याचं तेल कोको बटरला मऊ करतं, म्हणून कवच जाड ठेवलं. साचा उलटा करून आपटला आणि २१ मोदक एका दमात टपटप सुटले, तेव्हा ती माउली दिवसात पहिल्यांदा हसली.

चव कुणीच घेतली नाही. त्या दोघींचा उपास, आणि मला घास घ्यावासा वाटला नाही.

रात्री साडेआठला ती ५१ मोदक घेऊन गेली. पैसे नको म्हटलं, तिने टेबलावर ठेवले. पोत्याचा तो छापील तुकडा मात्र कात्रीने कापून मागितला आणि पर्समध्ये ठेवला.

उरलेली रात्र मी फोन केले. दोन महिन्यांत ते तपकिरी चॉकलेट ३१ जणांना विकलं होतं. बहुतेकांनी समजून घेतलं. पाच वर्षं दूध सोडलेली एक मुलगी नुसती "हं" म्हणाली आणि तिने फोन ठेवला, पुन्हा काही मागवलं नाही. एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "बाई, कळवलं नसतंत तर बरं झालं असतं. मला काही त्रास झाला नव्हता." हे वाक्य डोक्यातून जात नाही. त्यांना त्रास होऊ नये म्हणून मी गप्प बसायचं, तर मग डब्यावर लिहायचं कशाला? पण त्यांच्या आवाजातलं दुःखही खरं होतं, आणि ते मी त्यांच्या घरी पोचवलं होतं.

तो मुलगा आरतीला दोन मोदक खाऊन तिसरा मागत होता, असा आईचा निरोप आला. खाली आणखी एक ओळ होती: 'विचारतोय, तपकिरी कधी?'

त्याला सुकामेवा चालतो, हे आईकडून दोनदा खात्री करून घेतलं. नवीन ग्राइंडर घेतला, त्यात पावडर नाही, मी स्वतः निवडून भाजलेले काजू. काजूचं तेल चॉकलेट मऊ करतं, आवाज अजून हवा तसा येत नाही. हे लिहितेय तेव्हा चौथा घाणा फिरतोय, एकतीस तास झालेत.