छोट्या प्राणिसंग्रहालयात एक सकाळ: काय पाहिलं, कसं पाहावं

शहरातल्या छोट्या प्राणिसंग्रहालयाबद्दल नेहमी एकच ऐकायला मिळतं: "काही नाही हो तिथं, तासाभरात बघून होतं." भराभर चालत सुटलं तर खरंच होतं. आम्ही दार उघडता उघडता आत शिरलो आणि उन्हं डोक्यावर येईपर्यंत जेमतेम निम्मे पिंजरे पाहिले. हत्ती नाही, जिराफ नाही, सिंहाचा पिंजरा रिकामा. तरीही मोठ्या, नावाजलेल्या ठिकाणी पायांचे तुकडे पडेस्तोवर हिंडून जेवढं कळलं नव्हतं, तेवढं इथं कळलं. प्राणी मोजके, माणसंही मोजकीच, त्यामुळे एकेका ठिकाणी हवं तेवढं थांबता येतं. या जागेचं खरं सुख हेच आहे.

सकाळी जा, हा माझा पहिला आणि सगळ्यात आग्रहाचा सल्ला. बिबट्या, वाघ, कोल्हा ही मंडळी मुख्यतः तिन्हीसांजेला, रात्री आणि पहाटे हिंडणारी. भर दुपारी ती सावलीत पडून राहणार, हे ठरलेलंच. दुपारच्या सुमारास आलेली कुटुंबं पिंजऱ्यासमोर येत होती, "झोपलाय" म्हणत होती आणि पुढे सरकत होती. कुणी टाळ्या वाजवत होतं, कुणी शिट्टी मारत होतं. ज्याला रात्रभर जागायची सवय आहे त्याला दुपारी उठवण्याचा हा खटाटोप बघून फार वाईट वाटतं.

बिबट्यापाशी आम्ही सगळ्यात जास्त थांबलो. तो आधी वरच्या फळीवर आडवा होता. मग खाली उतरला, पिंजऱ्यात टाकलेल्या एका ओंडक्याजवळ गेला, बराच वेळ हुंगत राहिला. हुंगून झाल्यावर त्याने मान वर केली, वरचा ओठ मुडपला, सुळे उघडे पडले आणि तो तसाच तोंड अर्धवट उघडं ठेवून उभा राहिला. शेजारी उभ्या असलेल्या बाई मुलाला म्हणाल्या, "चिडला बघ, मागे ये." तो चिडला नव्हता. मांजरांच्या कुळात टाळूच्या वर वासाचं एक वेगळं इंद्रिय असतं, जेकबसन अवयव. हवा तिथपर्यंत पोचवण्यासाठी हे प्राणी असा चेहरा करतात. तिथे साफसफाई करणाऱ्या काकांना विचारलं, तेव्हा कळलं की ओंडका आदल्या दिवसापर्यंत हरणांच्या आवारात पडलेला होता. "रोज तेच ते असलं की जनावर कंटाळतं, म्हणून काहीतरी नवीन वासाचं टाकतो," ते म्हणाले. बाईंना सांगितलं, तर त्याही थांबल्या. मुलगा मग ओंडक्यावरची नजर काढेना.

काकांसारख्या माणसांशी जरूर बोला. पाटीवर प्राण्याचं नाव, आहार, आयुर्मान एवढंच असतं. हा प्राणी सकाळी कुठं बसतो, कुणावर गुरगुरतो, हे फक्त त्यांना माहीत असतं. फक्त खाणं देण्याच्या आणि पिंजरा धुण्याच्या वेळेला मध्येमध्ये करू नका. तेव्हा त्यांचं सगळं लक्ष दाराच्या कडीकडे असायला हवं.

हरणांकडे लोक सहसा थांबत नाहीत, पण इथं चितळ आणि काळवीट शेजारी शेजारी होते आणि दोघांच्या शिंगांतला फरक दोन पावलांवरून दिसत होता. चितळाच्या नराची शिंगं फाटे फुटलेली आणि मखमलीसारख्या लवदार कातडीने मढलेली होती. ही शिंगं गळून पडतात आणि नव्याने उगवतात. वाढत असताना त्या कातडीतून शिंगांना रक्त पोचत असतं. काळवीटाची पिळदार शिंगं मात्र जन्मभर तीच. त्यांना फाटे नसतात, आत हाड आणि वरून नखांसारख्याच द्रव्याचं आवरण.

सर्पालयात मन खट्टू झालं. मुलांचा एक घोळका अजगराच्या काचेवर बोटांनी ठकठक करत होता. सापाला बाहेरचे कान नसले तरी थरथर त्याला अंगभर जाणवते. शिवाय त्या अजगराचे डोळे निळसर दुधाळ झाले होते. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो, आणि कात टाकायच्या आधी तो असा धुरकट होतो. त्या काळात त्याला नीट दिसत नाही. मुलांना एवढंच सांगितलं की त्याला आत्ता धड दिसत नाहीये. त्यांनी हात खाली घेतले आणि मग बराच वेळ डोळेच बघत बसली.

मगर तोंड उघडून निपचित पडली होती. "खोटी आहे" असं म्हणून खात्री करायला काहीतरी फेकणारे प्रत्येक ठिकाणी भेटतात. अंगातली उष्णता कमी करण्यासाठी मगर तोंड उघडं ठेवते. फेकलेली नाणी, बाटल्यांची झाकणं तिच्या पोटात जाऊ शकतात. हरणांच्या बाबतीत प्लास्टिकची पिशवी जास्त घातक: रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटात ती अडकून बसते. म्हणून खाऊची पाकिटं बॅगेतच ठेवा, शक्यतो गाडीतच.

आता फोटोंचं. जाळी असेल तर कॅमेरा किंवा फोन जाळीच्या जितका जवळ नेता येईल तितका न्या आणि प्राणी जाळीपासून लांब असेल तेव्हा टिपा. जाळी जवळजवळ दिसेनाशी होते. पण आडवं कठडं असेल तर ते ओलांडून हात घालू नका, ते अंतर मोजूनमापून ठेवलेलं असतं. काचेवर भिंग टेकवलं की प्रतिबिंब जातं. फ्लॅश बंद, घुबडापाशी तर नक्कीच.

जाण्यापूर्वी साप्ताहिक सुट्टी कोणत्या दिवशी आहे ते बघा. प्राणिसंग्रहालय बंद व्हायच्या बराच आधी प्रवेश थांबतो, हेही ध्यानात ठेवा. लहान मुलं बरोबर असतील तर सगळं दाखवायचा हट्ट सोडा. चार प्राणी निवडायला सांगा आणि तिथेच बसा. सर्वांत लांबच्या पिंजऱ्यापासून सुरुवात केली तर पहिला तास निवांत मिळतो, कारण बाकीचे सगळे दाराजवळच्या माकडांपाशी असतात. माकडांकडे बघून दात दाखवू नका, डोळ्यांत डोळे घालू नका. त्यांच्या लेखी ती धमकी असते.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. कोल्ह्याच्या पिंजऱ्यात जाळीलगत मातीत एक घासून गुळगुळीत झालेली वाट होती आणि तो त्याच वाटेवरून इकडून तिकडे, तिकडून इकडे चालला होता, एकाच ठिकाणी वळत. लोकांना ते "फिरतोय छान" असं वाटत होतं. 2003 साली रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन या संशोधकांनी दाखवून दिलं होतं की जंगलात ज्या मांसाहारी प्राण्यांचा वावर जास्त मोठ्या भूभागावर असतो, त्यांच्यात बंदिवासात अशा येरझाऱ्या जास्त आढळतात. खाण्याची वेळ झाली म्हणूनही प्राणी घुटमळतो, त्यामुळे लगेच निष्कर्ष काढू नये. आम्ही परत जाताना पुन्हा बघितलं, तेव्हाही तो त्याच वाटेवर होता.

अशा वेळी दाराशी असलेल्या अभिप्राय वहीत लिहा. "छान", "ठीक" असं लिहून काही होत नाही. पिंजरा कोणता, वेळ काय होती, किती वेळ येरझाऱ्या चालल्या होत्या, आत लपायला झुडूप किंवा बीळ आहे का, चढायला ओंडका आहे का, असं नेमकं लिहा. बिबट्याच्या ओंडक्याबद्दलही आम्ही लिहिलं, आणि कोल्ह्यालाही तसंच काहीतरी द्यावं, अशी विनंती त्याखाली केली.