दार बंद का आहे?

आज चोपड्याला बचत गटाच्या बैठकीत चित्रांची कार्डं मांडली. चित्र बघून मनात येईल ते बोलायचं, अशा ओएच कार्डांच्या संचात ८८ चित्रं असतात. आम्ही जुन्या कॅलेंडरांतून कापून २०च केली. चित्राचा अर्थ बरोबर की चूक, असं काही नसतंच. पहिली दहा मिनिटं नुसतं खिदळणं! मग बंद दाराचं चित्र निघालं. मला ते उदास वाटलेलं. मावशी म्हणाल्या, "कापूस घरमा भरेल शे, म्हनीसन दार लायेल शे!"

हिशोबाला कधी तोंड न उघडणाऱ्या वहिनींनी रिकाम्या खुर्चीचं कार्ड उचललं. "बसले की कोणीतरी हाक मारतंच," एवढंच बोलल्या. अध्यक्षबाईंनी गुपचूप रजिस्टर मिटलं. (हप्ते राहिलेच!) दाराचं कार्ड मात्र माझ्या पर्समध्येच आलंय.