दिलेली गोष्ट

दिवाळीच्या तीन आठवडे आधीपासून पोस्टात फराळाची खोकी दिसायला लागतात. भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीनंतर खिडकी उघडायच्या आत रांग तयार. कुणाचा मुलगा म्युनिकला, कुणाची लेक श्टुटगार्टला. चकल्यांच्या चळती डब्यात घट्ट बसवलेल्या, मोकळ्या जागी कागदाचे बोळे. डबा आत हलला तर पोचेपर्यंत चकलीची पुन्हा भाजणी होते. खोक्याला तपकिरी टेप, आणि टेपवर मार्करने, टपोऱ्या रोमन अक्षरांत, एकच शब्द : गिफ्ट.

जर्मनमध्ये याचा अर्थ विष.

अक्षरं तीच, उच्चारही तोच. पुण्यात जर्मन शिकणाऱ्याला हा विनोद पहिल्या पंधरा दिवसांत ऐकावा लागतो आणि पुढची वीस वर्षं तो दुसऱ्यांना ऐकवतो. पण खोकं काही या शब्दापायी अडकत नाही. कस्टम्सच्या छापील फॉर्मवरच चौकोनापुढे इंग्रजीत ‘गिफ्ट’ आणि फ्रेंचमध्ये ‘कादो’ असं असतं, तिकडच्या माणसाला ते रोजचं आहे. अडकतं ते ‘फूड आयटम्स’ एवढंच लिहून मोकळं झाल्यामुळे. चकली किती ग्रॅम, चिवडा किती, किंमत काय, हे वेगवेगळं लिहावं लागतं. कुणी हळूच तुपाची बरणी सरकवली तरी अडकतं, कारण दुधाचे पदार्थ बाहेरच्या देशातून टपालाने युरोपीय संघात चालत नाहीत. घरच्यांनी घरच्यांना पाठवलेली भेट ४५ युरोच्या आत असली तर तिच्यावर कर नाही. एवढं करूनही ज्याच्या मनात पाल चुकचुकेल त्याने शेजारी ‘गेशेंक’ लिहावं. जर्मन माणसाची भेटवस्तू ती.

खरी मजा जर्मनीच्या उत्तरेला आहे. स्वीडिशमध्ये हाच शब्द ‘यिफ्ट’ असा उच्चारतात आणि त्याचे अर्थ दोन : विष, आणि विवाहित. ‘होन एर यिफ्ट’ म्हणजे तिचं लग्न झालंय. ती विषारी आहे असं म्हणायचं तर ‘यिफ्तिग’ लागतं. एका शेपटाचा फरक. नॉर्वेजियन आणि डॅनिशमध्येही तेच दोन अर्थ. यावर नवरे मंडळींनी करायचे ते विनोद तिकडे करून झालेत, आपण भर घालायला नको. डच लोकांनी आवराआवर करून पाहिली : देणगी ती ‘गिफ्ट’, विष ते ‘गिफ’. (त्यांचा ‘ग’ घशातून खाकरल्यासारखा येतो, तो देवनागरीत मावत नाही.) पण विषारी म्हणायची वेळ आली की त्यांच्याही तोंडून ‘गिफ्तिग’च बाहेर पडतं. म्हणजे ‘ट’ दारातून घालवला आणि तो खिडकीतून परत आला.

सगळ्यांचं मूळ एकच, ‘देणे’. गिफ्ट म्हणजे दिलेली गोष्ट. लग्नात मुलगी देतात, म्हणून विवाहित. जुन्या इंग्रजीतही हा शब्द होता, उच्चार ‘यिफ्ट’कडे झुकणारा आणि अर्थ वधूमूल्य. आजचा कडक ‘ग’ आणि भेटवस्तूचा अर्थ इंग्रजीने व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेवरून घेतला. जर्मनमध्ये लग्नाचा धागा फक्त ‘मिटगिफ्ट’मध्ये उरलाय, सोबत दिलेलं, म्हणजे हुंडा. मिटगिफ्ट आजही स्त्रीलिंगी. एकटं गिफ्ट मात्र आता नपुंसकलिंगी.

विष कुठून आलं? ग्रीक वैद्यांकडून. रोग्याला औषध जेवढं द्यायचं तेवढ्याला ते ‘दोसिस’ म्हणत, शब्दशः ‘देणं’. लॅटिनने तो शब्द जसाच्या तसा उचलला. जर्मन बोलणाऱ्यांनी त्याचं भाषांतर केलं आणि देण्याला त्यांच्याकडे शब्द होता गिफ्ट. दिलेलं औषध, मग दिलेलं भलतंच औषध, मग नुसतं विष. १५३८ मध्ये पॅरासेल्सस नावाच्या स्विस वैद्याने आपल्या बचावात लिहिलं की सगळ्याच गोष्टी विष असतात, एखादी विष ठरत नाही ती केवळ मात्रेमुळे. त्याच्या जर्मन वाक्यात विषाला ‘गिफ्ट’ आहे आणि मात्रेला ‘दोसिस’. एकाच शब्दाचं मूळ आणि भाषांतर, समोरासमोर उभे, आणि एकमेकांना ओळखत नाहीत.

यातला ‘दोसिस’ आपला सख्खा आहे. ग्रीक ‘दिदोमि’ आणि संस्कृत ‘ददामि’ एकाच घरचे. म्हणजे ‘उपदेशाचे डोस पाजू नकोस’ यातला डोस आणि कन्यादानातलं दान ही भावंडं, एक मुंबईमार्गे इंग्रजीतून आलं, दुसरं घरातच वाढलं. आणि स्वीडिश लोकांना हसायचा आपल्याला तसा अधिकार नाही. मोठी सांगलीला दिली, धाकटी इस्लामपूरला. औषध दिलं. विष दिलं. क्रियापद बदलायची गरज आपल्यालाही कधी पडली नाही.

औषधाचंही तेच. ढेकणांचं औषध, उंदरांचं औषध, कपाशीवर मारायचं औषध. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता विषबाधा होऊन माणसं गेली, ती फवारत होती त्यालाही बोलण्यात ‘औषध’च म्हणत. गावाकडे ‘त्याने औषध घेतलं’ हे वाक्य कोणत्या आवाजात उच्चारलंय यावर पुढचं सगळं ठरतं. अशा वेळी उलटी काढत बसायचं नसतं, गाडी काढायची असते. आणि त्या औषधाचा डबा सोबत न्यायचा असतो, कारण आत ऑर्गॅनोफॉस्फेट या गटातलं कीटकनाशक असेल तर अ‍ॅट्रोपिन हा उतारा लागतो, दुसरं काही असेल तर उपचार दुसरे. लेबलावर तिरका उभा चौकोन असतो, त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग बघायचा. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे चालेल, असं समजणारे पुष्कळ, तसं नसतं.

लालच्या वरच्या भागात कवटी, खाली दोन हाडं, आणि लाल अक्षरांत इंग्रजी शब्द ‘पॉयझन’. तो लॅटिन ‘पोतिओ’पासून फ्रेंचमार्गे आलाय, आपल्या ‘पान’ आणि ‘पेय’चा लांबचा नातलग. मूळ अर्थ, प्यायची गोष्ट.