तुम्ही विचारलंत म्हणून: बोगार्टच का?

"मारामारीचे सिनेमे आवडत नाहीत म्हणता, मग हॉलिवूडच्या त्या जुन्या नटाचे, हम्फ्री बोगार्टचे, जुनेपुराणे सिनेमे सारखे काय बघत बसता?" हा प्रश्न घरचे विचारतात, मित्र विचारतात, आता तुम्हीही विचारलात.

बोगार्ट मुळात दांडगा नव्हताच. न्यूयॉर्कच्या एका सर्जनचा मुलगा. उंची बेताची, अंगकाठी किरकोळ; 'कॅसाब्लांका' सिनेमात नायिका इन्ग्रिड बर्गमनपुढे ठेंगणा दिसू नये म्हणून त्याचे बूट उंच करावे लागले होते. वॉर्नर ब्रदर्स या स्टुडिओने त्याला आधी कित्येक वर्षं दुय्यम गुंड म्हणूनच राबवलं. 'द रोअरिंग ट्वेन्टीज'मध्ये (१९३९) तो नायक जेम्स कॅग्नीपुढे जिवासाठी अक्षरशः गयावया करतो आणि गोळी खातो. पुढे जॉर्ज राफ्ट या त्या वेळच्या बड्या नटाने दोन भूमिका नाकारल्या, 'हाय सिएरा' आणि 'द माल्टीज फाल्कन' (दोन्ही १९४१). त्या बोगार्टकडे आल्या. राफ्टचे आभारच मानायला हवेत.

'फाल्कन'मधला एक प्रसंग मी कितीदाही बघू शकतो. डिटेक्टिव्ह सॅम स्पेड गटमन या जाडजूड खलनायकाच्या खोलीत संतापतो, ग्लास फोडतो, दम देतो, दार आपटून निघून जातो. बाहेर कॉरिडॉरमध्ये आल्यावर मात्र चेहऱ्यावर हसू! राग म्हणजे सगळं सोंग होतं. आणि तेवढ्यात त्याची नजर स्वतःच्या हातावर जाते. हात थरथरतोय. तो त्यालाही हसतो. जॉन ह्यूस्टनने दिग्दर्शित केलेला हा पहिलाच सिनेमा, पण त्याला कळलं होतं की या माणसाचा कणखरपणा त्या थरथरीसकट दाखवायचा. माझं उत्तर म्हणाल तर तेवढंच आहे. बाकीच्या मर्दानी नटांना भीती वाटतच नाही, त्यामुळे त्यांच्या धाडसाचं मला काही वाटत नाही.

याची दुसरी बाजू 'इन अ लोनली प्लेस'मध्ये (१९५०) आहे. हा सिनेमा बोगार्टच्या स्वतःच्याच कंपनीने काढला. इथे तो पटकथालेखक आहे, खुनाचा संशय आहे, आणि राग आता सोंग उरलेला नाही. रस्त्यात गाडीवरून झालेल्या भांडणात तो दगड उचलतो, तेव्हा शेजारी बसलेल्या नायिकेबरोबर, ग्लोरिया ग्रॅहमबरोबर, आपल्यालाही त्याची भीती वाटते. नायक म्हणून मिरवलेल्या नटाने आपलीच प्रतिमा इतकी नासवून दाखवायला हिंमत लागते. ऑस्कर मिळालं ते 'द आफ्रिकन क्वीन'साठी (१९५१). छान आहे, पण मला 'लोनली प्लेस'च वरचढ वाटतो.

बघायचेच असतील तर सुरुवात 'फाल्कन'ने करा. 'द बिग स्लीप' (१९४६) नंतर. त्यात कोणी कोणाला मारलं हे कळलं नाही तर मनाला लावून घेऊ नका, ते बनवणाऱ्यांनाही सगळं कळलं नव्हतं. नायिका लॉरेन बकॉलबरोबरचे त्याचे संवाद ऐका, पैसे वसूल.