आमची वाटचाल : वितळलेला तिसरा पिस्टन आणि आम्हाला सापडलेला ट्यूनर

मोटारसायकलला टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात दाबाने जादा हवा भरणारा पंखा, बसवून देणं हे आमचं काम. हेडर (एक्झॉस्टचे पाइप) आणि प्लेनम (इनटेकच्या हवेचा डबा) आम्ही स्वतः टिग वेल्डिंगने बनवतो, स्पेसर प्लेट आमच्याच मशिनवर कापतो, ऑइल लाइन आम्हीच ओढतो. मॅप, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला (ईसीयू) इंधनाचा आणि टायमिंगचा (ठिणगी कधी पडायची याचा) तक्ता, मात्र पहिल्या दिवसापासून दुसऱ्याच्या, तो बसवणाऱ्या ट्यूनरच्या, हातात राहिला. गाडी बाहेर पडते ती आमच्या नावाने, रस्त्यावर टिकते ती ट्यूनरच्या कामावर. आमच्या धंद्यात जे काही बरंवाईट झालं, ते सगळं या एका गोष्टीतून झालं.

सुरुवात जुन्या फॅक्टरी टर्बो गाड्यांच्या दुरुस्तीपासून झाली. 1982 ते 1984 या काळात होंडा, यामाहा, सुझुकी आणि कावासाकी या चौघांनीही टर्बो गाड्या काढल्या : सीएक्स 500 टर्बो, एक्सजे 650 टर्बो, एक्सएन 85 आणि जीपीझेड 750 टर्बो. त्यातली कावासाकी आमच्यासाठी शाळाच ठरली. टर्बो इंजिनच्या पुढ्यात, एक्झॉस्ट पोर्टच्या अगदी जवळ, कॉम्प्रेशन (सिलेंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते) 7.8 वर उतरवलेलं, इंधन इंजेक्शनने. कंपनीने बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब), इंधन आणि टायमिंग यांचा एकत्र विचार केला होता. यामाहाला कार्ब्युरेटर होते आणि बूस्टखाली त्यांचे जेट जमवताना आमचे हात पोळले, पण शिकायलाही तिथेच मिळालं.

मग सुझुकीची हायाबुसा आली आणि कामाचं स्वरूप बदललं. 1299 सीसीचं पहिलं इंजिन, कॉम्प्रेशन 11. सिलेंडरखाली 1.6 मिमीची स्पेसर प्लेट घातली की ते 9 च्या आसपास येतं. प्लेटमुळे हेड वर सरकतं, चेन ताणली जाते आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे शाफ्ट) मागे पडतात, म्हणून स्लॉट असलेले स्प्रॉकेट लावून दोन्ही कॅम पुन्हा डिग्री करायचे, म्हणजे अंश मोजून जागेवर बसवायचे. हे न करता नुसती प्लेट घालून दिलेल्या गाड्या आजही आमच्याकडे ‘पिकअप नाही’ म्हणून येतात. पुढची काही वर्षं कामं येत गेली, गाड्या जात गेल्या, त्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचं आहे ते तिसऱ्या पिस्टनबद्दल.

त्या काळी आमच्या गाड्या ज्यांच्याकडे ट्यून व्हायच्या, त्यांचा विनाटर्बो गाड्यांवर हात चांगला होता. त्यांच्याकडे इनर्शिया डायनो, म्हणजे शक्ती मोजायचं यंत्र, होता. जड ड्रम, गाडी तो फिरवते, सात-आठ सेकंदांत एक रन संपतो. आमची एक हायाबुसा त्यांनी 0.9 बार बूस्टवर ट्यून केली. कागदावर लॅम्बडा (हवा-इंधनाचं प्रमाण; 1 म्हणजे नेमकं, त्याखाली इंधन जास्त म्हणजे रिच, वर कमी म्हणजे लीन) 0.80, रेषा सरळ, कुठेही दात नाही. गाडी मालकांकडे गेली आणि दुसऱ्याच आठवड्यात टेम्पोत घालून परत आली. तिसऱ्या सिलेंडरचा पिस्टन एक्झॉस्टच्या बाजूने वितळला होता, वरची रिंग लँडला (रिंगच्या खाचेच्या कडेला) चिकटली होती आणि प्लगच्या पांढऱ्या पोर्सलीनवर ॲल्युमिनियमचे बारीक चकचकीत ठिपके होते. ते ठिपके म्हणजे नॉकिंगने (मिश्रण आपोआप भडकून बसणाऱ्या ठोक्यांनी) पिस्टनचा धातू उडायला लागल्याची खूण. बाकीच्या तीन प्लगांवर मिरपुडीसारखे काळे कण होते, म्हणजे तेही त्याच वाटेवर होते.

कारण शोधायला आम्हाला तीन आठवडे लागले. टाकीतला पंप आम्ही मोठा बसवला होता, पण त्याला वीज जुन्याच वायरीतून येत होती. डायनोवर बॅटरीला चार्जर जोडलेला, हेडलाइट बंद, रेडिएटरचा पंखा बंद, समोर बाहेरचा ब्लोअर. पंपाला भरपूर व्होल्टेज मिळालं. रस्त्यावर दिवे, पंखा, इंटरकूलरचा पाण्याचा पंप सगळं चालू. आम्ही रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर) प्रेशर सेन्सर लावून तीच स्थिती पुन्हा उभी केली. बॅटरीवर 12.4 व्होल्ट, पंपाच्या टर्मिनलवर जेमतेम 10.9. 0.9 बार बूस्टला रेल्वर 3.9 बार हवे, कारण रेग्युलेटर मूळ 3 बारमध्ये बूस्ट मिळवतो. होते 3.1. म्हणजे इंजेक्टरच्या दोन टोकांमधला फरक 3 ऐवजी 2.2 बार. प्रवाह वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो, म्हणून इंधन सुमारे 14 टक्के कमी. 0.80 चा लॅम्बडा 0.93 वर गेला, टायमिंग मात्र 0.80 साठी बेतलेलं. त्यात रस्त्यावर वरच्या गिअरमधली ओढ डायनोच्या रनपेक्षा कितीतरी लांब. इतक्या वेळात पिस्टन वितळतो.

वायर आमची होती, हे आम्ही त्याच दिवशी मान्य केलं आणि इंजिन आमच्या खर्चाने उभं केलं. आज प्रत्येक गाडीत पंपाला बॅटरीवरून थेट 4 चौरस मिमीची वायर, वेगळा रिले, वेगळा फ्यूज आणि चेसिसच्या भरवशावर न सोडलेली स्वतंत्र अर्थ वायर असते. पण फ्युएल प्रेशर न मोजता, चार्जर लावून, एका रनवर टर्बो गाडीला पास करणं ही चूक आमची नव्हती. त्या गृहस्थांनी मात्र गावभर एकच सांगितलं : ‘त्यांचे किट पिस्टन खातात.’ सहा महिने आमच्याकडे नव्या किटचं एकही काम आलं नाही. दोन वेल्डरपैकी एकाला जाऊ द्यावं लागलं, तो आमच्याकडचा सगळ्यात चांगला हात होता. हे आजही सलतं.

आणखी एक गोष्ट सलते, ती आकड्यांची. त्यांच्या डायनोवर 340 हॉर्सपॉवर दाखवणारी गाडी दुसरीकडे 305 दाखवायची आणि गिऱ्हाइकाला वाटायचं, आम्हीच काहीतरी सैल ठेवलं. हवामानाची जी सुधारणा डायनो लावतो, ती विनाटर्बो इंजिनासाठी बेतलेली आहे. हवा विरळ असली तरी वेस्टगेट (बूस्ट आवरणारी झडप) टर्बोला ठरलेल्या बूस्टपर्यंत नेतो, त्यामुळे तोटा बराच भरून निघालेला असतो. वर सुधारणेचा गुणक लावला की आकडा फुगतो. टर्बो गाडीची तुलना करायची तर सुधारणा बंद करून, त्याच डायनोवर, त्याच इनटेक तापमानाला करा. आणि आलेखात आरपीएम चढत असताना रोलरचा वेग तसाच राहिला, तर ती शक्ती नाही, क्लच घसरतोय किंवा टायर. हायाबुसाचा मूळ क्लच या जोराला पुरत नाही, लॉकअप क्लच (वेग वाढेल तसा घट्ट दाबणारा) लावल्याशिवाय ट्यूनिंगला गाडी पाठवूच नका.

त्या सहा महिन्यांत एकच माणूस आमच्या पाठीशी उभा राहिला, आणि तो वितळलेल्या पिस्टनचा मालक. त्यांनी गाडी परत आमच्याच हातात दिली, फक्त एक अट घातली : ‘या वेळी ट्यूनर तुम्ही निवडायचा, पण मी समोर बसणार.’ त्यांच्याकडे निळ्या पुठ्ठ्याची वही होती. प्रत्येक फेरीचं तापमान, बूस्ट, कुठल्या पंपावरचं पेट्रोल, प्लगचा रंग, सगळं तारखेनिशी. त्या वहीने आम्हाला ट्यूनर शोधून दिला असं म्हटलं तरी चालेल, कारण आम्ही तीन जणांकडे गेलो आणि वही तिघांसमोर ठेवली.

पहिल्याने वही उघडलीच नाही. ‘या गाडीचा मॅप माझ्याकडे तयार आहे’ म्हणाले. टर्बो गाडीचा तयार मॅप ही कल्पनाच चुकीची. इंजेक्टर वेगळे, प्लेनम वेगळा, टर्बाइन हाउसिंग वेगळं, मग आकडे तेच कसे? दुसऱ्याने वही चाळली, पण इंजेक्टरचा प्रवाह किती बारला मोजलाय हे विचारलं नाही. 300 हॉर्सपॉवरसाठी, टर्बोचा खप हॉर्सपॉवरमागे ताशी 0.62 पौंड धरला, तर चार इंजेक्टरना मिळून ताशी 186 पौंड लागतात. 80 टक्के ड्यूटीवर (इंजेक्टर उघडा राहण्याचं प्रमाण) प्रत्येकी 58, म्हणजे मिनिटाला सुमारे 610 सीसी. हा हिशेब 3 बारचा. तोच इंजेक्टर 4 बारला मोजून विकला असेल तर सगळं गणित फिरतं. व्होल्टेजनुसार इंजेक्टरचा डेड टाइम (वीज मिळाल्यापासून उघडायला लागणारा वेळ) किती, हे न विचारणाऱ्याचं आयडल कधीच बसत नाही.

तिसऱ्याने वही घेतली, खुर्चीवर बसून शेवटपर्यंत वाचली आणि पहिला प्रश्न विचारला : ‘फ्युएल प्रेशर लॉग होतं का?’ तिथेच आमचं ठरलं. त्याने त्या दिवशी इंजिन सुरूच केलं नाही. आधी कॉम्प्रेशन, मग लीक-डाउन (सिलेंडरमध्ये भरलेली हवा किती गळते ते), त्यात एका सिलेंडरची गळती 12 टक्के निघाली म्हणून गाडी परत पाठवली. व्हॉल्व्ह लॅप करून (सीटवर घासून बसवून) आलो तेव्हा इनटेकला टोपी लावून हवा भरली आणि साबणाच्या पाण्याने प्रत्येक जोड तपासला. प्लेनमच्या एका क्लॅम्पखाली बुडबुडे आले. आमच्या फिटरने तो जोड तीनदा पाहिलेला होता.

पुढे त्याने जे केलं, ते पाहून चांगला ट्यूनर ओळखता येतो, म्हणून तपशीलाने लिहितो. डायनो लोड धरणारा होता, म्हणजे आरपीएम एका जागी रोखून मॅपचा एकेक चौकोन भरता येतो. आधी बूस्ट कंट्रोलर काढून नुसत्या वेस्टगेटच्या स्प्रिंगवर, अर्ध्या बारला काम. टायमिंग मुद्दाम मागे घेतलेलं, मिश्रण मुद्दाम रिच. इंधन बसल्याशिवाय टायमिंगला हात नाही. मग बूस्ट 0.1 बारने वर, प्रत्येक पायरीनंतर इंजिन तिथल्या तिथे बंद करून प्लग काढून भिंगाखाली. बऱ्याच मोटारसायकलींना नॉक सेन्सर नसतो, म्हणून इंजिनच्या केसिंगला तांब्याची चपटी नळी बोल्ट करून कानाला लावलेली. वरच्या बूस्टला साध्या पेट्रोलवर टॉर्क वाढायचा थांबण्याआधीच नॉकिंग सुरू होतं, म्हणून तो टॉर्कच्या मागे गेला नाही. नॉकिंगच्या सीमेपासून दोन-तीन अंश मागे थांबला आणि तिथेच मॅप पक्का केला.

मधे एका ठिकाणी लॅम्बडा एकदम 1.1 दाखवायला लागला. घाईत असलेला ट्यूनर इथे इंधन वाढवतो आणि गाडी आणखी अडखळते. त्याने हात थांबवला. मिसफायर झाला की न जळलेला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत जातो आणि सेन्सरला तो लीन वाटतो. हेडरला सेन्सरच्या आधी गळती असली तरी तसंच. आमच्या प्लगांची गॅप 0.9 मिमी होती, बूस्टखाली ठिणगी विझत होती. 0.6 मिमी केली, एक श्रेणी थंड प्लग लावले, लॅम्बडा आपोआप 0.79 वर आला. इंधनाचा आकडा त्याने बदललाही नाही.

तेव्हापासून आमच्या सगळ्या गाड्या त्याच्याकडेच जातात. आमच्या फिटिंगमध्ये त्याने बदलही करायला लावले. मूळ मॅप सेन्सर (इनटेकचा दाब वाचणारा; ट्यूनरच्या मॅपपेक्षा वेगळा) वातावरणाच्या दाबापर्यंतच वाचतो, म्हणून 3 बारचा. बॉल बेअरिंग टर्बोला ऑइल 1 मिमीच्या रेस्ट्रिक्टरमधून. निचऱ्याची नळी आतून किमान 12 मिमी, तीही सतत उतारावर. टर्बो खाली बसतो तिथे स्कॅव्हेंज पंप (ऑइल ओढून परत नेणारा), नाहीतर ऑइल टर्बोच्या सीलमधून एक्झॉस्टमध्ये जातं आणि लोक टर्बो खराब समजून बदलतात.

जे ट्यूनर शोधत आहेत त्यांनी आणखी दोन गोष्टी धराव्यात. मॅपची फाइल पासवर्डविना हातात मिळणार का, हे काम द्यायच्या आधी विचारा. कुलूप लावलेल्या ईसीयूच्या गाड्या आमच्याकडे नेमाने येतात आणि त्यांचं सगळं काम पहिल्यापासून करावं लागतं, मालकाने एकदा दाम मोजलेले असूनही. दुसरं, फाइलबरोबर शेवटच्या रनचे लॉग घ्या : लॅम्बडा, बूस्ट, इनटेक तापमान, फ्युएल प्रेशर आणि पंपाचं व्होल्टेज. लॅम्बडा 0.90 च्या वर गेला किंवा प्रेशर पडलं तर ईसीयूने बूस्ट तोडायला हवा. ते सेटिंग चालू आहे का, हे समोर करून दाखवायला सांगा. नकार आला तर गाडी उचलून आणा.

निळ्या वहीवाले गृहस्थ आजही दर 1000 किमीला लॉग पाठवतात. आता ते कॉम्प्युटरमधून येतात, तरी पहिल्या पानावर ते हाताने तीन आकडे लिहितात. परवाचे होते : पंप 13.6 व्होल्ट, फरक 3.0 बार, लॅम्बडा 0.79.