तेच टॉवर, नवी तार

साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवडे पठारावर पवनचक्क्या आल्या, धुळ्याकडे साक्री तालुक्यात पवनचक्क्यांच्या जोडीला सौर प्रकल्पही आले. असे प्रकल्प वर्ष-दोन वर्षांत उभे राहतात, त्यांची वीज वाहून नेणाऱ्या वाहिनीला मात्र वेळ लागतो. २२० केव्हीच्या (किलोव्होल्टच्या) नव्या वाहिनीला ३५ मीटर रुंदीचा पट्टा हवा, आणि त्या पट्ट्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याशी बोलणी आली. म्हणून टॉवर तेच ठेवून जुनी तार उतरवायची आणि जास्त तापमान सोसणारी, कमी झोळ पडणारी (दोन टॉवरमध्ये कमी लोंबणारी) एचटीएलएस तार चढवायची, हा पर्याय आधी तपासावा असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडे २२० केव्हीवर बहुधा झेब्रा नावाची तार असते. ५४ तारा अॅल्युमिनियमच्या, ७ पोलादाच्या, प्रत्येक ३.१८ मिलिमीटरची. ५०० अँपिअरला ती सुमारे १९० एमव्हीए (मेगाव्होल्ट-अँपिअर) वीज नेते. तिच्यातून १००० अँपिअर का ढकलायचे नाहीत, ते झोळाच्या हिशोबात दिसतं. ३५० मीटरच्या स्पॅनमध्ये, म्हणजे दोन टॉवरमधल्या अंतरात, ७५ अंशांना झोळ ९ मीटर धरू. तापमान १५० अंशांवर गेलं तर तार तापल्यामुळे जेमतेम अर्धा मीटर लांबते, पण झोळ पावणेबारा मीटरच्या आसपास जातो. जमिनीपासून किमान ७.०१५ मीटर अंतर राखायचं असतं, ते सव्वाचारवर येतं. खालून उसाची भरलेली ट्रॉली जात असते, हे डोळ्यांसमोर आणा. शिवाय इतक्या उष्णतेत साधं कडक अॅल्युमिनियम कायमचं मऊ पडतं, ते वेगळंच.

एचटीएलएसमध्ये तापल्यावर ताण गाभा घेतो. इन्व्हार या लोखंड-निकेलच्या मिश्रधातूचा गाभा पोलादाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतका प्रसरण पावतो, कार्बन तंतूंचा त्याहूनही कमी. बाहेरच्या तारा गोल नसून पाचरीसारख्या बसवल्या, तर त्याच जाडीत पाव भागाइतकं जास्त अॅल्युमिनियम मावतं. नव्या तारेची जाडी २८.६२ मिलिमीटरच्या आत आणि ताण जुन्याइतकाच राहिला, तर टॉवरवरचा भार वाढत नाही. अर्थात टॉवर शाबूत हवेत. खालचे अँगल चोरीला गेलेले असतात, पायात रोवलेला पोलादी स्टब गंजलेला असतो. ते आधी बदलावेत.

खरेदीच्या वेळी गळतीकडे, म्हणजे तारेत उष्णता होऊन वाया जाणाऱ्या विजेकडे, दुर्लक्ष होतं, याचं मला वाईट वाटतं. झेब्राचा रोध ७५ अंशांना किलोमीटरला साधारण ०.०८४ ओहम असतो. ५०० अँपिअरला तिन्ही फेज मिळून किलोमीटरमागे ६३ किलोवॅट उष्णतेत जातात. विद्युतप्रवाह दुप्पट झाला की गळती चौपट, म्हणजे ५० किलोमीटरला साडेबारा मेगावॅट, तेही तार आणखी तापल्यावर रोध वाढतो तो न धरता. म्हणून निविदेत फक्त तारेची किंमत न बघता पुढच्या २५-३० वर्षांची गळतीही मोजावी. मग कमी रोधाची महाग तार अनेकदा स्वस्त पडते.

आणि वाहिनीची लांबी पाहा. ७०-८० किलोमीटरपर्यंत तापमानाची मर्यादा आडवी येते, तिथे नवी तार उपयोगी. त्यापुढे व्होल्टेज आणि स्थिरता आड येतात. तार बदलली तरी रिअॅक्टन्स (बदलत्या प्रवाहाला होणारा चुंबकीय अडथळा) जवळपास तेवढाच राहतो. १००० अँपिअरला ५० किलोमीटरची वाहिनीच ६० एमव्हीएआरच्या आसपास रिअॅक्टिव्ह पॉवर खाते, म्हणजे काम न करता नुसती ये-जा करणारी वीज, आणि त्यामुळे व्होल्टेज पडतं. ती पुरवणाऱ्या कपॅसिटर किंवा स्टॅटकॉमची सोय आधी करा.

दोन्ही टोकांचे बे, म्हणजे उपकेंद्रात वाहिनी जोडणाऱ्या उपकरणांच्या जागा, हमखास विसरले जातात. वेव्हट्रॅप (वाहिनीवरचे संदेश अडवणारं वेटोळं) ६३० किंवा ८०० अँपिअरचा, सीटी (प्रवाह मोजणारा ट्रान्सफॉर्मर) ८०० चा, आयसोलेटरचे (वाहिनी वेगळी करणाऱ्या स्विचचे) संपर्क झिजलेले, बसबार आणि जम्पर या जोडणाऱ्या पट्ट्या-तारा जुन्या. यातली एक वस्तू जरी तशीच राहिली तरी वाहिनीची क्षमता तिच्याइतकीच. डिस्टन्स रिले व्होल्टेज आणि प्रवाहाच्या गुणोत्तरावरून (इम्पीडन्सवरून) दोष ओळखतो; प्रवाह ५०० वरून १००० अँपिअर झाला की त्याला दिसणारा भाराचा इम्पीडन्स २५४ ओहमवरून १२७ वर येतो. झोन ३ ची, म्हणजे रिलेच्या सर्वात लांबच्या टप्प्याची, सेटिंग तपासली नाही, तर ऐन भारात दोष नसताना वाहिनी ट्रिप होते.

पवनचक्क्यांच्या वाहिनीचं शटडाउन जानेवारी ते मार्चमध्ये घ्यावं. वारा पावसाळ्यात जोरात असतो, शिवाय या महिन्यांत बराच ऊस तुटलेला असतो आणि काळ्या मातीत गाड्या जातात. डबल सर्किटमध्ये, म्हणजे एकाच टॉवरवर दोन वाहिन्या असतील तिथे, शेजारचं सर्किट चालू असतं, त्यामुळे बंद तारेतही इंडक्शनने जीवघेणं व्होल्टेज येतं. दोन्ही टोकांना अर्थिंग हवंच, शिवाय जिथे हात लावायचा त्याच्या दोन्ही बाजूंना वेगळं.

जुन्या तारेलाच नवी बांधून ओढायचा मोह होतो. पण जुन्या तारेतले मिडस्पॅन जॉइंट (दोन टॉवरच्या मधले सांधे) पुलीत अडकतात किंवा सुटतात. आधी पायलट दोर ओढून घ्यावा आणि त्याने नवी तार ओढावी. नवी तार जमिनीवर घासू देऊ नये. मऊ अॅल्युमिनियमवर दगडाचा ओरखडा उठला की तिथे कोरोना (तारेभोवतीच्या हवेत वीज झिरपणं) सुरू होतो. कार्बन गाभ्याची तार लहान पुलीवरून किंवा हातात धरून तीव्र वळवली की गाभा आत तडकतो, बाहेरून काहीच दिसत नाही आणि महिन्यांनंतर तार तुटते. पुलीचा व्यास आणि पकडीचा क्लॅम्प उत्पादक सांगेल तोच वापरावा. सॅग (झोळ) ठरल्याप्रमाणे बसला की वाऱ्याने होणारी थरथर शोषणारे डॅम्पर लगेच लावावेत.

वाहिनी चार्ज केल्यावर, म्हणजे तिच्यात वीज सोडल्यावर, पहिल्या भरपूर भाराच्या दिवशी थर्मल कॅमेरा घेऊन प्रत्येक जॉइंट, डेड-एंड (तार टॉवरवर संपते तिथली पकड) आणि बेमधला क्लॅम्प तपासावा. चांगला जॉइंट शेजारच्या तारेपेक्षा थंड दिसतो. तारेपेक्षा गरम दिसला, तर तो पुन्हा उघडून करायला घ्यावा.