तुम्ही विचारलेत म्हणून : आधी भिंत का?

चित्र पसंत आहे, किंमत ठरली आहे, पैसेही लगेच द्यायला तयार आहोत. तरी ‘आधी भिंत दाखवा’ असे तुम्ही का म्हणता, हा प्रश्न वेंगुर्ल्यात माझ्या पडवीत चित्रे पाहायला येणारे जवळपास सगळेच विचारतात. लहान चित्राच्या बाबतीत मी असा आग्रह धरत नाही, कारण ते या खोलीतून त्या खोलीत सहज हलवता येते. सहा फुटी चित्र मात्र एकदा लागले की वर्षानुवर्षे तिथेच राहते, आणि भिंत ओल धरणारी असेल तर तिथेच कुजते.

हे मी माझ्याच चित्रावर शिकलो. मी विकलेले पहिले मोठे चित्र सहा फूट बाय चार फुटांचे, ओहोटीच्या वेळच्या खाडीचे होते. घेणाऱ्यांनी ते ओटीच्या पश्चिमेकडच्या, गिलावा न केलेल्या चिऱ्याच्या भिंतीवर लावायचे ठरवले आणि मीच आनंदाने खिळे ठोकून दिले. श्रावणात त्यांचा फोन आला. चित्र उतरवून पालथे केले, तर कॅनव्हासच्या पाठीवर राखाडी बुरशीची जाळी उमटली होती, आणि ती नेमकी चिऱ्यांच्या सांध्यांची होती. आडव्या सलग रेषा आणि त्यांना जोडणारे, एकाआड एक सरकलेले उभे तुकडे. चिरा म्हणजे जांभा दगड, आणि तो सच्छिद्र असतो. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर ज्या भिंतीवर आपटतो, ती भिंत चार महिने पाणी पीत असते आणि तिला टेकलेल्या कापडालाही पाजत असते. मी ते चित्र परत घेतले आणि त्यांचे पैसे परत केले.

तेव्हापासून मी पहिल्यांदा एकच विचारतो : पावसाळ्यापूर्वी पावसाचा मारा अडवायला तुम्ही चुडतांचे, म्हणजे माडाच्या झावळ्यांचे, झाप कोणत्या बाजूला बांधता? त्या बाजूची भिंत चित्रासाठी बाद. शक्य असेल तर आषाढातच जाऊन भिंतीला तळहात लावून पाहतो आणि खाली लोणा, म्हणजे ओलीमुळे फुटणारा पांढरा क्षार, आला आहे का तेही बघतो. ओटी आणि माजघर यांच्यामधली भिंत बहुतेक घरांत सर्वांत कोरडी सापडते. तिथेही चौकटीच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून इंचभर पोकळी ठेवतो, म्हणजे हवा खेळती राहते; आणि खाऱ्या हवेत लोखंड गंजते म्हणून हूक पितळेचे वापरतो. पावसाळ्यात कॅनव्हास सैल पडला तर चौकटीच्या कोपऱ्यांतल्या पाचरी लगेच ठोकू नयेत, असे मी प्रत्येकाला बजावतो, कारण हवा कोरडी झाली की तोच कॅनव्हास गरजेपेक्षा जास्त ताणला जातो.

पण ओल हे अर्धेच कारण आहे. एका घरात सगळ्यांत चांगली, कोरडी आणि उजेडाची भिंत सापडली, मी मापेही घेतली, तेव्हा आतून त्या गृहस्थांच्या आई आल्या आणि म्हणाल्या, “हयसर आमचो गणपती बसता, हयसर दुसरा काय लावूचा नाय.” त्यांचे म्हणणे मला तत्काळ पटले. आमच्या सिंधुदुर्गात गणपतीच्या मागची भिंत दर वर्षी नव्याने रंगवतात आणि वर फळे-पाने टांगलेली लाकडी माटवी बांधतात. मी स्वतः ब्रश धरायला शिकलो तो अशाच भिंतींवर, शाळेत असताना. भिंतभर चित्र ही कोकणी घराला शहरातून आलेली हौस नाही, ते या घरांना आधीपासून ठाऊक आहे, आणि म्हणूनच कोणती भिंत कोणाची हे घरातल्या माणसांना विचारल्याशिवाय मला कळणार नाही. त्या घरात माझे चित्र शेवटी झोपाळ्यासमोर लागले. प्रदर्शनात चित्राचा मध्य साधारण १५० सेंटिमीटरवर ठेवतात. इथे माणसे बसून पाहणार म्हणून मी ते चांगले वीतभर खाली घेतले.

विकताना मी एक कागदही देतो. त्यावर माप, माध्यम आणि भिंतीची माहिती असते, आणि छापण्याचा हक्क माझ्याकडे राहील हे स्पष्ट लिहिलेले असते. एका पर्यटन निवासासाठी मागणीवरून केलेले चित्र नंतर मला न विचारता तिथल्या प्रत्येक खोलीत छापून लावलेले दिसले. फार वाईट वाटले, पण कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार मोबदला देऊन करवून घेतलेल्या चित्राचा हक्क, वेगळा करार नसेल तर, करवून घेणाऱ्याचाच असतो. तयार चित्र विकले तर तसे होत नाही. नवख्या चित्रकारांनी हा फरक आधीच समजून घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

सध्या माझ्या पडवीत सात फुटांचे एक चित्र कापडात गुंडाळून उभे आहे. घेणारे रत्नागिरीचे आहेत आणि त्यांच्या नव्या घराचा गिलावा फाल्गुनात झाला. एक पावसाळा त्या भिंतीवरून जाऊ द्या, असे मी त्यांना सांगितले आहे, आणि तोवर एक पैसाही घेतलेला नाही.